वांग्याची ड्यूटी

मोहिउद्दीनबाबूशी माहं पटत नव्हतं, हे पहिलेच सांगून ठेवतो. मागून कोणी म्हणाले नको, की भीमसिंग राठोड शेजाऱ्याचे गुण गाऊन राह्यला. मी एसटीचा ड्रायव्हर. एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलं, आन त्यातली बावीस वर्षं माही ड्यूटी लावाचं काम या माणसाकडं होतं. कोणत्या ड्रायव्हरनं कोणती गाडी कोणत्या गावाले न्यायची, कोणाले सुटी, कोणाले मुक्काम, हे सारं डेपोत त्याच्या एका लांबलचक तक्त्यावर राहे. नावं निळ्या पेनानं, गावं लाल पेनानं. त्या तक्त्यात माह्या नावापुढं झरी जामणीकडची मुक्कामी गाडी किती वेळा आली, ते माह्या बायकोले विचारा. तिच्या तोंडपाठ आहे.

भांडून काही फायदा नव्हता. तो चष्म्याच्या वरून पाहे आन म्हणे, "राठोड, पाळी म्हणजे पाळी. आज तुमची, उद्या बाबुलालची. मी माह्या सख्ख्या भावालेही सोडत नाही." आन खरंच सोडत नव्हता. त्याचा लहान भाऊ कलीम आमच्याच डेपोत कंडक्टर होता. त्याले ऐन ईदच्या दिवशी नागपूर लावली होती यानं. घरी त्याच्या बायकोनं, जुबैदाभाभीनं, चार दिवस बोलणं टाकलं, तरी तक्त्यातलं एक अक्षर हाललं नाही. असा खडूस माणूस. पण कोणाची चहाची कपबशी याच्या टेबलावर कधी दिसली नाही, हेही खरं. खोटं कायले बोलू?

रिटायर झालो तेव्हा वाटलं, सुटलो बापा एकदाचा. तर काय झालं? लोहाऱ्याच्या अलीकडं कर्मचाऱ्यांच्या सोसायटीनं ले-आउट पाडलं होतं, चिठ्ठ्या काढून प्लॉट वाटले होते. साठ प्लॉट होते. साठ! आन माही चिठ्ठी निघाली ती नेमकी मोहिउद्दीनबाबूच्या बाजूची. मधात एक तारेचं कुंपण, बस. सकाळी दात घासायले बाहेर निघालो की समोर तोच चष्मा.

मी घर बांधलं, आन घराच्या बाजूनं लांबरुंद अंगण मोकळं सोडलं. गवताची काडी उगवू देल्ली नाही. रामीबाई, म्हणजे माही बायको, म्हणे, "एवढी जागा पडली, चार भाज्या तरी लावू." मी म्हटलं, "अजिबात नाही. ते गाडी वळवायची जागा आहे." आता माह्याजवळ गाडी म्हणजे एक जुनी मोपेड. पण ज्यानं एकतीस वर्षं गल्लीबोळात, बाजारात, बैलगाड्यांच्या मधातून बस वळवली, त्याले घरी तरी मोकळं वळण नको? मी मोपेडवर बसून त्या अंगणात पूर्ण गोल फेरी मारे आन मग रस्त्यावर निघे. लोक हासत. हासू द्या.

मोहिउद्दीनबाबू माह्याहून दोन वर्षं आधी रिटायर झाला होता. तक्ता गेला तसा तो पिसाळला, आन या नव्या घरी आल्यावर तर जास्तच. घरात तक्ता लावला त्यानं. आंघोळीचा टाइम, चहाचा टाइम, पोरगी माहनूर सासरहून आली तर तिनं कोणत्या दिवशी भांडे घासायचे. जुबैदाभाभीनं आठ दिवस सहन केलं. नवव्या दिवशी तो तक्ता चुलीत घातला आन नवऱ्याले मागच्या अंगणात हाकललं. म्हणे, "माहनूरचे अब्बू, माती खंदा. मातीले ड्यूटी लावा. आम्हाले जीने दो."

आन या माणसानं खरंच मातीले ड्यूटी लावली.

कोणत्या तरी शेतकी मेळाव्यातून त्यानं एक कागद आणला होता. त्यात लिहिलं होतं की एकच पीक एकाच जागी दरवर्षी घेऊ नका, पिकांची फेरपालट करा. फेरपालट! तो शब्द वाचला आन याच्या अंगात पुन्हा डेपो संचारला. त्यानं अंगणात दोरी लावून चार वाफे पाडले, एकाले दुसरा इंचभर कमी-जास्त नाही. घरात रोज खाल्ल्या जाते काय? वांगे, टमाटे, मिरची आन आलू. झालं, चार वाफे, चार पिकं. या वर्षी वांगं एक नंबरात, पुढच्या वर्षी दोन नंबरात, त्याच्या पुढच्या वर्षी तीनात. बाकीचे तिघे तसेच एक एक घर पुढं सरकणार. निळ्या पेनानं पिकं, लाल पेनानं वाफे. तक्त्याले प्लास्टिक चढवून त्यानं तो कुंपणाले, म्हणजे माह्या तोंडासमोर, टांगला. मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, यांची नावं तक्त्यात नव्हती. ते बिचारे भिंतीच्या कडेले डब्याडुब्यात. बदली कामगार.

मी कुंपणावरून म्हटलं, "बाबू, वांग्याले सुटी कधी?"

"सुटी पाळीनं," तो म्हणला. हासला नाही. त्याले वाटलं मी खरंच विचारून राह्यलो.

आता या साऱ्यात वांग्याची गोष्ट वेगळी होती. ते बाजारचं वांगं नव्हतं. लहान, गोल, हिरव्यावर पांढऱ्या रेघा, देठाले असे काटे की तोडणाऱ्याची परीक्षा. जुबैदाभाभी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या अम्मीनं चिंधीत बांधून बी देल्लं होतं. तेव्हापासून दरवर्षी एक वांगं झाडावर पिवळं होऊ द्यायचं, बी काढायचं, राखेत घोळून सावलीत वाळवायचं, औषधाच्या बाटलीत भरून ठेवायचं. भाड्याचे घरं बदलले, अम्मी गेली, माहेरचं घर विकल्या गेलं. भाभी एकदा रामीबाईले म्हणे, "माह्या माहेरचं आता या बाटलीत जेवढं आहे तेवढंच." ते वांगं शेंगदाण्याच्या कुटात शिजवलं की वास कुंपण ओलांडून येये, आन मागोमाग वाटी. बाबूवर माहा राग होता, वाटीवर नव्हता.

पहिल्या वर्षी वांगे बरे झाले. दुसऱ्या वर्षी निम्मे. तिसऱ्या वर्षी झाडं सकाळी टवटवीत उभे राहत, दुपारी माना टाकत, आन आठ-दहा दिवसांत काडी होत. टमाट्याचं तसंच, मिरचीचं तसंच. कुंडीत लावून पाह्यलं तर कुंडीत माती भरली त्याच वाफ्याची! बी धरायले एकच वांगं हाती लागलं, तेही किडकं. बाटलीतलं जुनं-नवं सारं बी यंदा जूनमध्ये एका थर्माकोलच्या डब्यात पेरलं. अकरा रोपं उगवली. बाटली रिकामी झाली. म्हणजे आता जे काही होतं ते या अकरा रोपांत होतं.

भाभीनं नवऱ्याले सांगतलं, "हे अकरा गेले ना, तर पुन्हा या घरात वांगं येणार नाही. बाजारचंही नाही. आन मी तुमच्या तक्त्याले हात लावणार नाही, तुमच्या वाफ्याले पाणी घालणार नाही. समजलं?"

त्या दिवशी रामीबाई कुंपणापाशी उभी होती. माही बायको शाळेत चौथी शिकली, पण दारव्ह्याकडच्या आमच्या तांड्यावर जन्म मातीत काढला तिनं. ती बराच वेळ तो तक्ता पाहत होती. मग म्हणे, "मोहिउद्दीनभाऊ, तक्ता तुमचा लय सुंदर हाय. पण तुमी राठोडाच्या जागी राठोडच लावून राह्यले."

"म्हणजे?"

"आता पाहा. आमच्यात राठोडाची पोरगी राठोडाले देत नाही. एक गोत म्हणजे भाऊ-बहीण. राठोडानं पवाराची करावं, चव्हाणाची करावं, जाधवाची करावं. तसं यायचं बी गोत असते. वांगं, टमाटं, मिरची, आलू, हे चारही एकाच गोताचे. चारही राठोड."

"कशावरून?" बाबूनं चष्मा वर केला.

"तोंडावरून! फुल पाहा ना जी बाप्पा यायचं. वांग्याचं जांभळं, टमाट्याचं पिवळं, मिरचीचं पांढरं, पण साऱ्याइची पाच टोकाची चांदणी. चेहरा एक. बरबटी, मेथी, वाल, ते शेंगेवाले पवार समजा. कांदा-लसूण चव्हाण. भेंडी-अंबाडी जाधव. राठोड उठला की त्या जागी तीन वर्षं पवार, चव्हाण, जाधव येऊ द्या. मंग राठोड बोलवा."

मले थोडं लागलं. मी म्हटलं, "म्हणजे नासधूस करणारे नेमके राठोडच का?"

"चार राठोड एका घरात असले म्हणजे काय होते, ते मी तुमच्या घरी येऊन पाह्यलं," ती म्हणे. आम्ही चार भाऊ.

बाबूले मात्र हे पटेना. तो विचार करून म्हणला, "रामीबाई, नातेवाईक आहे तर उलट चांगलंच ना. घरातल्या घरात. आमच्यात तर जवळचंच पाहतात. जुबैदा माह्या सख्ख्या खालाची, म्हणजे मावशीची, पोरगी. आमचं लग्न झालं. काय बिघडलं?"

सैपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, "सांगू का रामीबाईले, काय बिघडलं ते?"

"माणसाची ज्याची त्याची रीत, भाऊ," रामीबाई म्हणे. "मी मातीचं सांगून राह्यली. या गोताची कीड त्याच मातीत घर करून बसते. वांगं गेलं तर तिले टमाटं भेटते, टमाटं गेलं तर मिरची. तुमच्या तक्त्यात ती कधी उपाशीच राह्यली नाही."

एवढं सांगतलं तरी ऐकन तो मोहिउद्दीनबाबू कसला. "तीन वर्षं तक्ता चालवला, चौथं वर्ष बाकी आहे. पाळी पूर्ण झाल्याशिवाय चार्ट बंद करता येत नाही," म्हणे. उसूल! चार नंबरच्या वाफ्यात त्यानं पाच रोपं लावली. सहा डब्यात राह्यली, ते पण भाभी डबा पदराखाली घेऊन बसली म्हणून.

वीस-पंचवीस दिवसांनी, दुपारी, पाचही रोपांनी माना टाकल्या. बाबूनं एक उपटून पाह्यलं. मुळाले नुसत्या गाठीच गाठी. तो उकिडवा बसून राह्यला, हातात ते रोप. जुबैदाभाभी मागच्या दारात आली, तिनं पाह्यलं. पदर तोंडाले लावला आन आत गेली. मले वाटलं होतं ती भांडन, कढई आपटन. ती रडली. आतून ऐकू आलं. मी मोपेड पुसत होतो, ती पुसलेली मोपेड पुन्हा पुसली.

संध्याकाळी बाबूनं स्वतःच्या हातानं तक्ता काढला.

आता सहा रोपं होती, आन डब्यात उंच-पिवळी होऊन राह्यली होती. आठवड्याभरात जमिनीत गेली नाही तर संपली. पण लावायची कुठं? त्याच्या अंगणात एकही वाफा असा नव्हता जिथं या गोताचं कोणी राहून गेलं नाही. चारही वाफे यानं मोठ्या शिस्तीनं, पाळीपाळीनं बाटवून ठेवले होते. मोकळी, उन्हाची, कधीही काही न लावलेली माती आसपास एकाच ठिकाणी होती.

माही गाडी वळवायची जागा.

रामीबाईनं मले रात्री जेवताना सांगतलं. मी म्हटलं, "मरून गेलो तरी देणार नाही."

तुम्ही म्हणाल, हा माणूस किती कोता. थांबा. तुम्हाले धूंड माहीत नाही म्हणून म्हणून राह्यले. आमच्या बंजाऱ्यात घरी पोरगा झाला की त्याच्या पहिल्या होळीले धूंड होते. तांड्यातले गडी काठ्या घेऊन दारात येतात, माय पोराले मांडीवर घेऊन बसते, तिच्या डोक्यावर काठ्या आडव्या धरून त्या वाजवत गाणं म्हणतात, पोराले आशीर्वाद देतात. त्या दिवशी पोरगा तांड्याचा होते. आयुष्यात एकदाच. माह्या बादलची धूंड शहाण्णवच्या होळीले होती. मी दीड महिना आधी दोन दिवसांची रजा टाकली. मोहिउद्दीनबाबू म्हणला, "अर्ज टेबलावर ठेवा. बघतो." मी तीन वेळा गेलो. तीनही वेळा, "बघतो." शेवटी अर्ज परत आला, त्यावर लाल पेनानं, नामंजूर. आन तक्त्यात माह्या नावापुढं झरी जामणीकडची मुक्कामी गाडी. माह्या पोराच्या धूंडीले बापाच्या जागी माहा मोठा भाऊ उभा होता, आन मी तिकडं जंगलातल्या एका गावात बसची काच पुसत होतो. बादल आता अठ्ठावीस वर्षांचा आहे, पुण्याले नोकरी करते. मी ते विसरलो नाही. रामीबाई म्हणे, मी तर कधीचीच विसरली. ती विसरली असन. मी नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी बाबू जेव्हा कुंपणाच्या फाटकातून आत आला, टोपी नीट करून, घसा साफ करून, आन म्हणला, "राठोड, एक काम होतं," तेव्हा मी खुर्चीत टेकून बसलो. अठ्ठावीस वर्षं ज्याची वाट पाह्यली तो क्षण चालून आला होता. चष्मा लावला. चष्म्याच्या वरून पाह्यलं.

"लेखी द्या," मी म्हटलं.

त्याले क्षणभर समजलं नाही. मग समजलं. गेला आन अर्ध्या तासानं अर्ज घेऊन आला. सुंदर अक्षर. विषय, संदर्भ, महोदय, सारं जागच्या जागी.

मी म्हटलं, "टेबलावर ठेवा. बघतो."

टेबल नव्हतं. त्यानं मोपेडच्या सीटवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी आला तर मी अर्ज परत देल्ला. "कारण स्पष्ट नाही. नुसतं वांगे लावण्याकरिता म्हणजे काय? किती वांगे? किती दिवसांकरिता? जागेचा नकाशा कोठी आहे?" त्याचे कान लाल झाले. पण माणूस नियमाचा. गेला, आन दुसरा अर्ज लिहून आणला, सोबत नकाशा. सहा फूट बाय आठ फूट, मोपेडची वळायची रेघ तुटक तुटक दाखवलेली. मनातल्या मनात म्हटलं, वा रे बाबू! तोंडानं म्हटलं, "टेबलावर ठेवा."

त्या रात्री माह्या ताटात भाकर आली आन सोबत कच्चा कांदा. बस. मी म्हटलं, "भाजी?"

"भाजीचा अर्ज द्या," रामीबाई म्हणे. "बघते."

"हे पाह्य, हे आमचं दोघाचं..."

"तुमचं दोघाचं काय हाय? तिकडं ते बाई डबा घेऊन बसली, रोपाइचे खालचे पानं गळून राह्यले, आन तुमी साहेब-साहेब खेळून राह्यले! बाबूनं तुमची रजा मारली. जुबैदाभाभीनं काय मारलं तुमचं? इतक्या दिवसाच्या वाट्या मोजू का?"

मी कांदा खाल्ला. पण तुम्हाले खरं सांगू? तरीही मन तयार नव्हतं. हारल्यासारखं वाटत होतं. माणसाले राग सोडाले पण काही तरी निमित्त लागते. सकाळी उठून जागा देऊन टाकू असं ठरवायचो, आन समोर तो चष्मा दिसला की झरी जामणीकडचा तो मुक्काम आठवायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबू आला. या वेळी हातात अर्ज होता आन मागं जुबैदाभाभी, तिच्या हातात थर्माकोलचा डबा. सहा रोपं, टाचणीसारखी उभी. भाभी कुंपणापाशीच थांबली. बाबूनं अर्ज मोपेडवर ठेवला नाही. माह्या हातात देल्ला, आन परत जायले वळला.

मी चष्मा लावला. अर्ज असा होता:

"विषय: सहा बाय आठ फूट जागा तीन वर्षांकरिता मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयान्वये विनंती की, मी माझ्या चारही वाफ्यांत एकाच गोताची पिके पाळीपाळीने लावली. कोण कोणाचे आहे हे मी विचारले नाही. फक्त पाळी पाहिली. त्यामुळे माझ्या सासूबाईंच्या हातचे बी संपत आले आहे. सहा रोपे शिल्लक आहेत. दोष माझा आहे, रोपांचा नाही.

तसेच, सन १९९६ च्या होळीला आपण दोन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला होता. त्या होळीला एकूण अकरा अर्ज होते व पाळी आपली नव्हती, म्हणून मी तो नामंजूर केला. अर्जात कारण 'मुलाची धूंड' असे लिहिले होते. धूंड म्हणजे काय, हे मी आपणास विचारले नाही. मला वाटले, पुढच्या होळीला आपली पाळी येईलच. धूंड एकदाच असते हे मला काल रामीबाईंनी सांगितले.

तरी दोन्ही बाबतीत विचार व्हावा, ही विनंती.

आपला,
मोहिउद्दीन"

मी तो अर्ज एकदा वाचला. मग चष्मा काढून पुसला, कारण चष्म्यात काही तरी गेलं होतं. पुन्हा वाचला. याले तारीख आठवत होती. कारण आठवत होतं. मले वाटे, तक्त्यात माही आठवण म्हणजे नुसतं निळं अक्षर. आन हा माणूस अठ्ठावीस वर्षं माहा अर्ज डोक्यात घेऊन फिरत होता, फक्त त्याचा अर्थ त्याले काल समजला होता.

"रामीबाई," मी ओरडलो, "पेन आण!"

"कोणता?"

"लाल!"

ती धावत घेऊन आली. बाबू फाटकात थांबला होता, पाठमोरा. मी अर्ज मोपेडच्या सीटवर ठेवला, आन खाली, कोपऱ्यात, तो लिहायचा तिथंच, लिहिलं: "मंजूर. दोन्ही." खाली सही केली. भीमसिंग राठोड. अर्ज त्याच्या हातात नेऊन देल्ला.

त्यानं वाचला. मग घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा वाचला. "दोन्ही?" म्हणला.

"वाचता येते ना?" मी म्हटलं. "आता उभे काय राह्यले? कुदळ आणा. ही जमीन डांबरी रस्त्यावानी झाली, माह्या मोपेडनं."

आम्ही दोघांनी खंदली. म्हणजे त्यानं खंदली, मी कुठं खंदायचं ते सांगतलं. बावीस वर्षांची हौस होती, थोडी फेडून घेतली. रामीबाईनं शेणखत घातलं. जुबैदाभाभीनं स्वतःच्या हातानं सहाही रोपं लावली, आन प्रत्येक रोप लावताना तोंडातल्या तोंडात काही म्हणत होती. दुआ असन, नाही तर नवऱ्याले शिव्या. मी विचारलं नाही.

दोन गेली. चार जगली. कार्तिकात पहिलं वांगं आलं, हिरव्यावर पांढऱ्या रेघा, देठाले तेच खडूस काटे. मी म्हटलं, भाभी, आज कुटातलं होऊन जाऊ द्या. भाभी म्हणे, "भीमसिंगभाऊ, पहिलं नाही. पहिलं बीचं." ते झाडावरच पिवळं होऊ देल्लं. मी रोज पाहत होतो आन रोज तोंडाले पाणी सुटत होतं. मग तिनं बी काढलं, राखेत घोळलं, वाळवलं, आन या वेळी दोन बाटल्या भरल्या. एक स्वतःच्या फळीवर ठेवली. दुसरी कुंपणावरून रामीबाईच्या हातात देल्ली. म्हणे, "एकाच घरात ठेवाचं नाही आता. हे तुमच्याकडं राहू द्या." रामीबाईनं ती आमच्या देवाजवळ ठेवली.

कुंपणावर आता नवा तक्ता आहे. त्याच्या चार वाफ्यांत बरबटी, कांदा, भेंडी, मेथी आन कडेनं झेंडू. पिकाच्या नावापुढं एक नवा रकाना आहे, गोत. त्यात पवार, चव्हाण, जाधव असं लिहिलं आहे. त्याचा एक जातभाई आला होता नागपूरहून, त्यानं तो तक्ता पाह्यला आन विचारलं की मोहिउद्दीनभाई, एवढी माणसं राहतात का तुमच्या अंगणात.

माही जागा तीन वर्षांकरिता गेली, वांगं दरवर्षी तिथल्याच नव्या कोपऱ्यात सरकन. तक्त्यात लाल पेनानं लिहिलं आहे, राठोडच्या जागेत राठोड. मोपेड आता तिथं वळत नाही. रोज सकाळी मले ती उलटी, मागं ढकलत, वाफ्याच्या कडेकडेनं बाहेर काढा लागते, आन रोज सकाळी मोहिउद्दीनबाबू चहाचा कप ठेवून येते, वाफ्यापाशी उभा राहते आन कंडक्टरसारखा हात हालवते, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं घ्या राठोड, वांगं आहे, वांगं!"